रेझिस्टर लावून गाडीचे झटके का जात नाहीत

गेल्या गाळप हंगामापासून सातारा-कराड पट्ट्यातील मोटारसायकलवाल्यांच्या मोबाइलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्या कमी वेगात झटके मारतात, कारण कंपनीने त्या मुद्दाम लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर ठेवल्या आहेत, म्हणून हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा भाग) जोडावा म्हणजे पेट्रोल वाढते, सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर फक्त प्रदूषणासाठी असतो म्हणून सोडवून टाकावा, एअर फिल्टर आणि सायलेन्सर मोकळे करावेत, कारण ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा गाडीतला संगणक) आपोआप जुळवून घेतो, बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून ठेवावी म्हणजे ईसीयू नव्याने शिकतो, आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर लॅपटॉपवरून तयार मॅप, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या आकड्यांचा तक्ता, टाकून घ्यावा. असे केले की पिकअप रेशमासारखा होतो, ॲव्हरेज वाढते आणि पीयूसीही पास होते, असे शेवटी म्हटले आहे. या यादीतील पहिला उपाय मी स्वतः करून बसलो होतो, त्यामुळे हा प्रतिवाद थोडा स्वतःशीही आहे.

ज्या त्रासावर हा मजकूर उतारा सांगतो तो त्रास खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. हंगामाच्या दिवसांत कराडकडच्या आतल्या रस्त्यांवर, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे, दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने दहा मिनिटे काढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. रेस केसभर सोडली की गाडी मागून कोणी धरल्यासारखी अडते, केसभर दिली की पुढे उसळते, आणि दोन्ही वेळा पायाजवळ चेनचा खट्ट असा आवाज येतो. माझ्या दोनशे सीसीच्या आसपासच्या, एका सिलिंडरच्या गाडीने मला दोन हंगाम असेच हलवले. प्रश्न त्रासाचा नाही, त्याच्या निदानाचा आहे.

‘कंपनीने गाडी लीन ठेवली आहे’ हे पहिले विधान अर्धे खरे असल्यामुळेच पटकन पटते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले. सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारी जाळी, नीट काम करायचा असेल तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहावे लागते. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असे आहे. एका गतीने, हलक्या हाताने गाडी चालवत असताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून मिश्रण सतत या बिंदूच्या आगेमागे ठेवतो आणि याला क्लोज्ड लूप म्हणतात. या मिश्रणाला लीन म्हणणे चुकीचे आहे, कारण त्यात पेट्रोल पूर्ण जळण्यापुरतीच हवा आहे, जास्तीची नाही. परंतु कार्ब्युरेटरच्या गाड्या स्लो स्पीडला आणि रेसच्या पहिल्या टप्प्यात याहून बऱ्याच रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालत, आणि रिच मिश्रण जळण्यात थोडा फरक पडला तरी ते चालकाला जाणवू देत नाही. आपल्याला आठवणारा जुन्या गाडीचा मऊपणा बराचसा त्या जास्तीच्या पेट्रोलचा आहे. म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षा कोरडी वाटते, ही भावना खरी आहे. तिच्यात कंपनीचा कट शोधण्याची गरज नाही.

या ठिकाणी मजकूर लिहिणाऱ्याच्या हाताशी एक खरा मुद्दा होता आणि तो त्याने वापरला नाही, याचे मला नवल वाटते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला हेच प्रमाण सुमारे १४.१ लागते आणि वीस टक्केवाल्याला सुमारे १३.५, कारण इथेनॉल आपल्यासोबत स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येते. दहा टक्क्यांच्या हिशोबाने मॅप केलेल्या गाडीत आजचे वीस टक्क्यांचे पेट्रोल भरले, तर क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ती तूट भरून काढतो; पण पूर्ण रेस देऊन घाट चढताना किंवा इंजिन गार असताना, जिथे ऑक्सिजन सेन्सरचे ऐकले जात नाही अशा ओपन लूपमध्ये, मिश्रण चारेक टक्क्यांनी लीन राहू शकते. काही गाड्यांत ईसीयूने क्लोज्ड लूपमध्ये शिकलेली दुरुस्ती तिथेही थोडीफार लागू होते, काहींत होत नाही. मात्र ट्रॉलीमागे बसणारा झटका गरम इंजिनावर, हलक्या रेसवर बसतो, म्हणजे बरोबर त्या भागात जिथे ही तूट आधीच भरून निघालेली असते.

मग झटका येतो कुठून? संपूर्ण मजकुरात या प्रश्नाला जागा नाही, आणि माझ्या मते खरे काम इथेच आहे. रेस पूर्ण सोडली आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या वर असले की ईसीयू इंजेक्टर साफ बंद करतो. पेट्रोल शून्य होते, इंजिन चाकाला मागे ओढू लागते. कार्ब्युरेटरमध्ये असे सहसा होत नसे. रेस सोडली तरी स्लो जेटमधून थोडे पेट्रोल झिरपत राही आणि गाडी अलगद मंदावे. इंजेक्शनच्या गाडीत रेस पुन्हा दिली की इंजेक्टर परत सुरू होतो, पण मधल्या क्षणांत इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या, भिंती कोरड्या पडलेल्या असतात. इंजेक्टरने फवारलेले सगळे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात नाही; काही भाग भिंतीवर पातळ थर होऊन बसतो आणि तिथून वाफ होत आत जातो. गाडी एका गतीने चालली असताना जेवढे भिंतीवर बसते तेवढेच तिथून उठते, त्यामुळे हिशोब जमतो. रेस अचानक दिली की हवा क्षणात वाढते, पण पेट्रोलचा एक हिस्सा आधी भिंत ओली करण्यात खर्च होतो. त्या एक-दोन फेऱ्यांपुरते मिश्रण खरोखरच लीन होते, गाडी क्षणभर गप्प बसते आणि मग एकदम उचलते.

कंपनीचे अभियंते हे जाणतात. म्हणून ईसीयूमध्ये स्थिर चालीच्या पेट्रोलचा तक्ता वेगळा असतो आणि रेस किती झपाट्याने उघडली यावरून तेवढ्या वेळापुरते जादा पेट्रोल देण्याचा तक्ता वेगळा असतो. रेशमासारखा पिकअप हवा असेल तर बदल या दुसऱ्या तक्त्यात, इंजेक्टर बंद-चालू होण्याच्या मर्यादेत आणि लहान रेसवरच्या इग्निशन टायमिंगमध्ये (प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेत) करावा लागतो. पहिल्या तक्त्यात सगळीकडे सरसकट जादा पेट्रोल ओतणे म्हणजे भाजीत एका बाजूला मीठ कमी पडले म्हणून अख्ख्या पातेल्यात मूठभर टाकण्यासारखे आहे.

आणि यातला पेट्रोलचा वाटासुद्धा बहुतेक गाड्यांत अर्ध्याहून कमी निघतो, असे मी आता अनुभवाने म्हणेन. इंजिनाचा जोर उलटा-सुलटा होतो तेव्हा तो चाकापर्यंत चेन, स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) आणि मागच्या हबमधील रबर यांच्यातून जातो. या वाटेवर जितका सैलपणा, तितका तो जोर आधी मोकळा धावतो आणि मग धडकतो. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत चेनचा सैलपणा मधोमध २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो. माझ्या गाडीचा ४५ निघाला, आणि तोही चाक फिरवून तीन ठिकाणी मोजल्यावर, कारण चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. हबचे रबर हाताने दाबले तर बोटाने खूण उमटावी इतके मऊ नव्हतेच. ते कडक होऊन आक्रसले होते, आणि गाडी स्टँडवर घेऊन चाक पुढे-मागे हलवले तर स्प्रॉकेट न हलता चाक दोन बोटे फिरत होते. रेसच्या केबलचा मोकळा खेळ मुठीच्या कडेला २ ते ६ मिलिमीटर असावा असे अनेक पुस्तिका सांगतात. तो दहा-बारा झाला की चालक मूठ फिरवतो, काही होत नाही, आणखी फिरवतो आणि मग लागते त्याहून जास्त रेस एकदम जाते. यातल्या एकाही गोष्टीचा ईसीयूशी संबंध नाही.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे रेस दिली की फिरणाऱ्या चकतीने इंजिनात हवा सोडणारा भाग, या सगळ्याच्या सीमेवर बसते. तिच्या चकतीच्या कडेला काळा चिकट थर साठतो, आणि रेसच्या पहिल्या दोन-तीन टक्क्यांत जिथे हवेचा झरोका केसाएवढा असतो तिथे हा थरच वाट अडवतो. चकती त्याच्या पलीकडे गेली की हवा एकदम शिरते. क्लीनर आणि मऊ कापड यांनी ती पुसावी, खरडू नये, आणि चकतीच्या थांब्याचा स्क्रू फिरवून स्लो स्पीड जुळवण्याचा जुना हात इथे चालवू नये, कारण बंद रेस म्हणजे किती हे ईसीयू त्या जागेवरून धरतो. थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यामधील रबरी तोंडाला भेग असेल तर थ्रॉटलला वळसा घालून हवा आत येते. तेही याच वेळी पाहून घ्यावे.

आता रेझिस्टर. हवेच्या तापमानाचा सेन्सर थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी रोध दाखवतो. वायरीत जादा रेझिस्टर टाकला की ईसीयूला हवा आहे त्याहून थंड वाटते. थंड हवा दाट असते, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. किती वाढवतो, हे कागदावर काढता येते. बाहेर ३५ अंश आहे आणि ईसीयूला १५ भासवले, तर निरपेक्ष तापमानात ३०८ भागिले २८८, म्हणजे जवळजवळ सात टक्के. पण क्लोज्ड लूपमध्ये ऑक्सिजन सेन्सर लगेच कळवतो की मिश्रण रिच झाले आहे, आणि ईसीयू ते सात टक्के काढून घेतो. म्हणजे ट्रॉलीमागच्या झटक्यावर या उपायाचा परिणाम शून्य. आणि जिथे गरज नाही, म्हणजे गार इंजिनावर, तिथे तो पूर्ण लागू. डिसेंबरच्या पहाटे कासकडे निघालेल्या गाडीला हवा आहे त्याहून थंड भासवली तर प्लग काळा पडू शकतो. उन्हाळ्यातली गोष्ट आणखी वाईट आहे. अनेक ईसीयू गरम हवेत इंजिन ठोकू नये म्हणून टायमिंग मागे घेतात, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतात. त्यांना खोटी थंडी सांगितली की ते संरक्षण निघून जाते, आणि मे महिन्यात यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये रेटताना इंजिनातून कांड्या आपटल्यासारखा आवाज येऊ लागतो.

माझ्या गाडीला हा रेझिस्टर एका गॅरेजमध्ये लावून दिला गेला, आणि पहिले दोन-तीन दिवस गाडी खरोखर सुधारली होती. मी तीन मित्रांना तो मजकूर पुढे पाठवला, ही कबुली देऊन टाकतो. नंतर झटके परत आले. बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की वायर जोडताना मिस्त्रीने बॅटरी सोडवली होती. त्यामुळे ईसीयूने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या होत्या, आणि तो पुन्हा शिकेपर्यंत रेझिस्टरचे जादा पेट्रोल इंजिनाला मिळत राहिले. शिकणे पूर्ण झाले आणि फरक संपला.

बॅटरीची वायर काढण्याच्या उपायाचे रहस्यही एवढेच आहे. काही गाड्यांत त्याने शिकलेले पुसले जाते, काहींत ते कायमच्या स्मृतीत असल्यामुळे पुसले जात नाही. आणि पुसले गेले तरी ईसीयू त्याच इंजिनाकडून तेच पुन्हा शिकतो.

ऑक्सिजन सेन्सर ‘फक्त प्रदूषणासाठी’ असतो, हे विधान मात्र सरळ चूक आहे. हा सेन्सर मिश्रण रिच असताना सुमारे ०.९ व्होल्ट आणि लीन असताना सुमारे ०.१ व्होल्ट देतो, आणि त्या दोहोंमधल्या उडीवर ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. इंजेक्टरचे तोंड थोडे चोंदले, पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढले, फिल्टर धुळीने भरला, या सगळ्यांची भरपाई त्याच्यामुळे होते. तो सोडवला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि ईसीयू कारखान्यातील ठरलेल्या आकड्यांवर चालू लागतो. ते आकडे नव्या गाडीचे असतात. आपली गाडी पंचवीस हजार किलोमीटर चाललेली असते. काही गाड्यांत त्याने पहिली रेस मऊ होते हेही खरे, कारण ठरलेले आकडे सुरक्षिततेसाठी किंचित रिच धरलेले असतात. पण न जळलेले पेट्रोल मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो तापतो, आणि त्याच्या आतली जाळी वितळून सायलेन्सरची वाट बंद झाल्यावर जो पिकअप जातो, तो कोणत्याच रेझिस्टरने परत येत नाही.

‘फिल्टर आणि सायलेन्सर मोकळा करा, ईसीयू आपोआप जुळवून घेतो’ या वाक्यात ईसीयूला काय मोजता येते याचा गोंधळ आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे साडेतेराशेवर. या चढाईत हवेचा दाब नऊएक टक्क्यांनी उतरतो. कार्ब्युरेटरची गाडी वर पोहोचेपर्यंत रिच होऊन गुदमरायची. इंजेक्शनच्या गाडीचे मिश्रण बिघडत नाही, कारण दाब मोजणारा सेन्सर तो फरक थेट सांगतो. मात्र इंजिन श्वास किती मोकळा घेते आहे, हे मोटारसायकलीत सहसा कोणी मोजत नाही. ईसीयू दाब, फेरे आणि रेसची जागा पाहतो आणि कंपनीच्या फिल्टर-सायलेन्सरसाठी आखलेल्या तक्त्यावरून हवेचा अंदाज करतो. श्वासाची वाट बदलली की तो अंदाज चुकतो. हलक्या रेसवर ऑक्सिजन सेन्सर ती चूक काही मर्यादेत सांभाळतो. पूर्ण रेसवर ती तशीच राहते आणि मिश्रण खरोखर लीन होते, म्हणजे ज्या दोषावर उपाय म्हणून हे केले तोच दोष आता नव्याने तयार होतो. नवा सायलेन्सर बसवताना बेंडपाइपचे गॅस्केट नीट बसले नाही तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ती लीन मिश्रणाची खूण वाटते आणि ईसीयू उगीचच पेट्रोल वाढवतो. त्यावेळी होणारी फटफट बऱ्याच जणांना ताकदीची वाटते.

पीयूसी पास होऊ शकते, हे खरे आहे, पण ती दुचाकीची तपासणी गाडी उभी ठेवून स्लो स्पीडला होते. तीन हजार फेऱ्यांवर, पाच टक्के रेसवर, गिअरमध्ये काय चालले आहे याबद्दल त्या कागदावर काही नसते. ॲव्हरेजबद्दल तर बोलण्यासारखे फारसे नाहीच. जो उपाय पेट्रोल वाढवून काम करतो असे मजकूर स्वतःच सांगतो, त्याच उपायाने पेट्रोल वाचते असे पुढच्याच ओळीत म्हणायला धाडस लागते.

राहिला तयार मॅप. ईसीयू रीमॅप करणे मुळात वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. सायलेन्सर आणि फिल्टर बदललेल्या गाडीला रीमॅप लागतोच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत असे बदल करण्यावर बंधन आहे आणि वॉरंटीही जाते. तेवढे समजून-उमजूनच त्या वाटेला जावे. पण दुसऱ्याच्या गाडीसाठी केलेली फाइल पाच मिनिटांत ओतणे म्हणजे रीमॅप नव्हे. नीट काम करणारा ट्यूनर गाडी डायनोवर (जागेवर उभी ठेवून चाकाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवतो, सायलेन्सरमध्ये मिश्रणाचे नेमके प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर बसवतो, आणि त्याचा सर्वात जास्त वेळ तक्त्यातल्या दोन ते दहा टक्के रेसच्या चौकटींत जातो, कारण आपण रोज चालवतो ती गाडी तिथेच असते. पूर्ण रेसवर साडेबारा-तेराच्या प्रमाणाजवळ ताकद मिळते, त्याहून रिच केले तर ती कमी होते. हा भाग त्या मानाने झटपट उरकतो. तेव्हा अशा माणसाकडे गेल्यावर कमाल हॉर्सपॉवरचा आलेख मागण्याऐवजी तीन हजार फेऱ्यांवर, पाच आणि दहा टक्के रेसला मिश्रण आधी किती होते आणि नंतर किती झाले, ते मागावे. रेस झटकन उघडल्यावरचा तक्ता त्याने हात लावून जुळवला का, हेही विचारावे. या प्रश्नावर जो गोंधळतो त्याच्याकडे गाडी देऊ नये, मग त्यासाठी पुणे गाठावे लागले तरी चालेल.

मूळ स्थितीतल्या गाडीसाठी मी ही वाट सुचवणार नाही. चेन, केबल, रबर, थ्रॉटल बॉडी, प्लग आणि फिल्टर हे सगळे जागेवर आणल्यानंतरही एका गतीने चालताना गाडी हिंदकळत असेल, तर ऑक्सिजन सेन्सरचा संकेत किंचित सरकवून मिश्रण तीन-चार टक्क्यांनी रिच ठेवणारी उपकरणे मिळतात. ती ईसीयूला सेन्सरपासून तोडत नाहीत, फक्त त्याचे लक्ष्य हलवतात. त्यामुळे इथेनॉलची किंवा फिल्टरची भरपाई चालू राहते. त्यांची किंमत कन्व्हर्टरच्या कामात थोडी घट ही आहे. दोन सिलिंडरच्या, दोन थ्रॉटल बॉडी असलेल्या गाडीत त्याआधी दोन्हींची हवा सारखी उघडते का हे गेज लावून पाहावे. ती विषम असेल तर मॅपवर केलेला सगळा खर्च वाया जातो.

माझ्या गाडीचा रेझिस्टर काढला. चेन-स्प्रॉकेटचा संच आणि हबचे चार रबर बदलले, केबल जुळवली, थ्रॉटल बॉडी पुसली. रेस पूर्ण सोडून पुन्हा दिली तर अजून एक बारीक धक्का जाणवतो. तो इंजेक्टर बंद-चालू होण्याचा आहे आणि ट्रॉलीमागे मी रेस पूर्ण न सोडता केसभर धरून ठेवतो, म्हणजे तो येत नाही. ज्या तिघांना मजकूर पाठवला होता त्यांच्यापैकी दोघांनी अजून वायर कापलेली नाही. तिसऱ्याच्या गाडीचा पिवळा दिवा गेल्या आठवड्यापासून लागला आहे, आणि रविवारी आम्ही दोघे त्याची मूळ वायरिंग परत जोडायला बसणार आहोत.